काटा कोणाचा?

गेल्या मंगळवारी आमच्याकडे ट्रेनी क्वालिटी इंजिनिअरचे इंटरव्ह्यू होते. नाशिकची अंबड एमआयडीसी, सकाळी साडेनऊ, रिसेप्शनच्या काळ्या सोफ्यावर आठ पोरं-पोरी फाईल मांडीवर घेऊन बसलेली, एसी नसताना घाम दिसू नये म्हणून प्रत्येकाची धडपड. मी आणि आमचे प्लांट हेड आत. सगळ्यांना आलटून पालटून तेच, पीपीएपी (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत) म्हणजे काय, व्हर्नियरचा लीस्ट काउंट सांग, फिशबोन, म्हणजे दोषाची कारणं शोधायची आकृती, काढून दाखव. आणि शेवटी मी नेहमीचं विचारते ते विचारलं, "बरं, तुला काही विचारायचंय आम्हाला?" आणि एकेक जण नेहमीचं बोलला, "नो मॅम." एकजण तर उठायलाच लागला, कारण ह्या प्रश्नाचा अर्थ 'निघा आता' असा होतो हे त्याला पक्कं माहिती होतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो तसाच असतो.

एकाने मात्र विचारलं. यूट्यूबवरून पाठ करून आला होता हे कळत होतं, "सर पुढच्या पाच वर्षांत तुम्ही ह्या कंपनीला कुठे बघता?" प्लांट हेड जाम खूश. बारा मिनिटं बोलले, मी घड्याळ बघत होते. एक्स्पोर्ट, ऑटोमेशन, नवीन शेड, सगळं बोलून झालं. पोरगा मान हलवत होता. त्याला त्या बारा मिनिटांतून स्वतःच्या नोकरीबद्दल एक अक्षर कळलं नाही, शिफ्ट किती, पगार कधी, बॉस कोण, काही नाही. पण इंप्रेशन चांगलं पडलं म्हणे.

मला ह्या 'प्रश्न विचारून इंप्रेस करा' प्रकाराचा वैताग येतो. पण 'नो मॅम'चा येत नाही, कारण २००५ साली सातपूरला मीही तेच म्हणाले होते. 'नो सर' एवढाच फरक.

आपल्या भाषेतच गंमत आहे बघा. मुलाखत आपण 'देतो' आणि ते 'घेतात', परीक्षेसारखं. आणि नोकरी 'लागते', जशी लॉटरी लागते, रेशनच्या रांगेत नंबर लागतो तशी. "अमक्याच्या पोराला चिकटवून घेतलं" म्हणतात. आता जो चिकटवून घेतला गेलाय तो प्रश्न काय विचारणार डोंबल. लागली ना? मग गप बस, पेढे वाट.

तर २००५. आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून आत. सकाळी सहाची एसटी पकडून नाशिकचं सीबीएस स्टँड, तिथून सिटी बस, तेव्हा सिटी बसही एसटीच्याच होत्या, महापालिकेची सिटीलिंक तर २०२१ मध्ये आली. इंजिनिअरिंगचा रिझल्ट लागून दोन महिने झाले होते आणि घरातून निघताना नानांनी, म्हणजे वडिलांनी, दारात उभं राहून सांगितलं होतं, "सायेब विचारतील तेवढंच बोल. उगाच फाटे फोडू नको." मी फाटे फोडले नाहीत. समोरच्या साहेबांनी विचारलं एनी क्वेश्चन्स, मी नो सर म्हणाले, त्यांनी 'गुड' म्हटलं. पगार साडेपाच हजार, तोही मला जॉईन झाल्यावर कळला. सिलेक्शन झालं हेच मोठं होतं, पगार विचारणं म्हणजे आगाऊपणा वाटायचा.

नोकरी इन्स्पेक्शनची होती. पार्ट तपासायचे, चांगला तो पुढे, संशयास्पद तो बाजूला, त्याला लाल टॅग. आठव्या की नवव्या महिन्यात एका लॉटमध्ये बोअर साईज, म्हणजे भोकाचं माप, मोठी निघायला लागली, मी दोनशे चाळीस नग होल्डवर टाकले, टॅग लावले, रजिस्टरला लिहिलं, घरी गेले. सकाळी येऊन बघते तर जागा मोकळी. रात्री गाडी लागली होती, शॉर्टेज होतं, प्रॉडक्शनवाल्याने टॅग काढून माल चढवला. टॅग कचऱ्याच्या ड्रममध्ये होते, मी स्वतः बघितले. तीन आठवड्यांनी कस्टमर कंप्लेंट आली आणि तो आठ पायऱ्यांचा रिपोर्ट भरताना रूट कॉजमध्ये काय लिहिलं गेलं माहितीये? 'इन्स्पेक्टर नेग्लिजन्स.' इन्स्पेक्टर म्हणजे मी. करेक्टिव्ह ॲक्शन, इन्स्पेक्टरला ट्रेनिंग. मला एक तास व्हर्नियर शिकवला त्यांनी.

आता त्या कंपनीचं नाव सांगत नाही, तिथले बरेच लोक अजून इथेच सिडकोत राहतात, भाजी घेताना भेटतात. आणि मुद्दा कंपनीचा नाहीच, कागदावर त्यांच्याकडे सगळं बरोबर होतं. ऑटोमोबाईलच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये, आत्ता आयएटीएफ १६९४९ म्हणतात ते, स्पष्ट लिहिलेलं आहे की क्वालिटीची जबाबदारी ज्याची त्याला डिस्पॅच थांबवायचा अधिकार पाहिजे. भिंतीवर फ्रेम करून सर्टिफिकेट लावलेलं असतं. पण फ्रेम रात्री दोन वाजता ड्युटीवर नसते ना.

त्या रविवारी गावी गेले तेव्हा फेब्रुवारी होता, द्राक्षाचा बाग खुडायला आलेला. थॉमसन जातीची द्राक्षं होती तेव्हा आमची, दीड एकर. ओट्यावर व्यापारी बसला होता, चहा झालेला, आणि नाना त्याला प्रश्न विचारत होते. मी आत भाकरी थापत ऐकत होते. सरसकट खुडणार का निवडून? निवडून असेल तर मागे राहिलेल्या मालाचं काय? क्रेट कोणाचे? मजूर तुझे का माझे? क्रेटमागे किती कापणार? इसार किती, आज देणार का गाडी भरल्यावर? मागल्या साली आमच्या शिवारात कोणाचा बाग खाली केलास? त्याचं पेमेंट झालं का पूर्ण? फोन लाव त्याला, माझ्यासमोर लाव. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, बिडी शिलगवत, "काटा कोणाचा?"

म्हणजे वजन तुझ्या काट्यावर करायचं की माझ्या.

व्यापारी हसला, म्हणाला नाना तुमचा काटा. नाना म्हणाले, मग बस, अजून चहा घे.

द्राक्षवाल्याच्या घरात हे प्रश्न कोणी शिकवत नाही, ते अनुभवातूनच येतात. वर्षभर औषध, खत, दोन छाटण्या, गारपिटीची धास्ती, आणि एवढं करून माल घेऊन व्यापारी पसार होतो, चेक वटत नाही, फोन बंद. निफाड-दिंडोरीकडे असं एकही गाव नसेल जिथे दोन-चार घरं अशी बुडाली नाहीत. आमचंही एक साल बुडालं होतं, माझी दहावी होती तेव्हा. त्यानंतर नाना व्यापाऱ्याला विचारायचे म्हणजे विचारायचेच.

आणि हाच माणूस मला सांगत होता सायेब विचारतील तेवढंच बोल. मी भाकरी तशीच ठेवून बाहेर आले, व्यापारी गेल्यावर विचारलं, नाना त्याला एवढे प्रश्न आणि मला एकही विचारू नको म्हणालात ते का? नानांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "अगं तो माल न्यायला आलाय. तुझं वेगळं, तू मागायला गेलती."

मला खूप दिवस ह्याच्यावर काही उत्तर सुचलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की कंपनीही माल न्यायलाच आलेली असते, फक्त आपल्याला ओट्यावर न बोलवता तिच्या एसी केबिनमध्ये बोलावते, म्हणून आपण मागणारे वाटतो.

दुसरा इंटरव्ह्यू २००८ मध्ये, सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. ह्यावेळी ठरवून गेले. त्यांनी आधी त्यांचं उरकलं, "लग्न कधी करणार, लग्नानंतर काय," हे तेव्हा सर्रास विचारायचे, आताही विचारतात, फक्त आता 'लाँग टर्म प्लॅन्स' म्हणतात. मग एनी क्वेश्चन्स. मी म्हटलं, सर ही जागा रिकामी का झाली? माझ्याआधी कोण होतं? एचआर आणि प्रॉडक्शन मॅनेजर दोघं एकाच वेळी बोलले. एचआर म्हणाला, "पर्सनल रीझनने गेले ते." प्रॉडक्शनवाला म्हणाला, "काढला त्याला." मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी थँक्यू म्हणून निघाले. सिन्नर फाट्यावर उभं राहून एकटीच हसत होते, लोकांना वाटलं असेल बाईला नोकरी लागली.

त्याच वर्षी तिसरीकडे तोच प्रश्न विचारला तर तिथले साहेब म्हणाले, "माझ्याशी पटलं नाही त्याचं. मी ओरडतो. फ्लोअरवर सगळ्यांसमोर ओरडतो, नंतर मला वाईट वाटतं पण ओरडतो." मग मी विचारलं की मी रात्री माल होल्ड केला तर तो कोण सोडू शकतो. ते म्हणाले, मी, आणि मी सोडला तर माझी सही असेल, तुझी नाही. तिथे मी सात वर्षं होते. आणि ते ओरडायचे, खरंच ओरडायचे, पण सही स्वतःची करायचे.

त्यामुळे माझं मत असं झालंय की प्रश्नापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागला ते बघावं. 'वर्क कल्चर कसं आहे' असं विचारलं की फटकन उत्तर येतं, लाईक अ फॅमिली, कारण ते पाठ असतं. तेच 'गेल्या महिन्यात किती रविवार यावं लागलं' असं विचारलं की माणूस वर छताकडे बघून मोजायला लागतो. मोजायला लागला की समजायचं. 'ग्रोथ आहे का' याच्यापेक्षा 'ह्या पोस्टवरून वर गेलेला एखादा माणूस अजून इथे आहे का, त्याला किती वर्षं लागली'. आणि माझं रिव्ह्यू कोण करणार, कशावर करणार, म्हणजे शेवटी तेच, काटा कोणाचा, कारण काही ठिकाणी तुम्ही रिपोर्ट करता एकाला आणि इन्क्रिमेंटचा कागद भरतो दुसराच, ज्याने तुम्हाला काम करताना कधी बघितलेलंही नसतं.

पगाराचं बोलायला लाजणं हा तर आपला जुना रोग. माझ्या भाचीला मागच्या वर्षी ऑफर आली, चार लाख वीस हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, घरात पेढे, तिने डोक्यात महिन्याला पस्तीस हजार धरून स्कूटीचा हप्ता पण ठरवून टाकला. मी म्हटलं आधी ब्रेकअप माग, पगारात काय काय धरलंय त्याचा. मागायला तयार नाही, "मावशी त्यांना वाटेल पैशाच्या मागे आहे." अगं मग नोकरी कशाच्या मागे करतात? शेवटी मेल केला, कागद आला. पस्तीसमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ अठराशे धरलेला, तो तुमच्या खात्यात जातो हे खरं पण हातात येत नाही. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ते साडेआठशेच्या आसपास, आणि ती नियमाने पाच वर्षं टिकलात तर मिळणार, त्याआधी सोडलं तर रामराम, फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावरच्यांना, नवीन लेबर कोडमध्ये एक वर्षावर आलीये तेवढंच. साडेतीन हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कंपनीला वाटलं तर. मग तिचा स्वतःचा पीएफ अठराशे, प्रोफेशनल टॅक्स दोनशे. हातात सत्तावीस हजारालाही दीडशे कमी. स्कूटी आलीच, पण सेकंडहँड.

क्रेटमागे किती कापणार, हे नानांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं.

आणि ऑफर आता आली असेल तर अजून एक बघायचं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे जुन्या पद्धतीने बेसिक अगदी बारीक ठेवलेला कागद कोणी पुढे केला तर हे कधीचं स्ट्रक्चर आहे एवढं तरी विचारावं. भांडायला नको, विचारायला काय जातं. आणि हो, हातात लेटर पडेपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा द्यायचा नाही. इसार घेतल्याशिवाय बागेत कात्री लावू देत नाहीत.

कोणाला काय विचारायचं हे पण असतंच. ब्रेकअप, पीएफ, ओव्हरटाईम, नोटीस पिरियड, बाँड आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात का (ठेवून घेत असतील तर उठायचं तिथून), हे एचआरला. कामाचं, होल्डचं, आधी कोण होतं ते, ज्याच्या हाताखाली बसायचंय त्याला. उलटं केलं तर गोंधळ होतो. मी एकदा पहिल्याच राउंडला, टेक्निकल चालू असताना मध्येच सुट्ट्या किती विचारल्या, का तर घरी नवरात्र होतं आणि डोक्यात तेच. समोरच्याने पेन ठेवला खाली. गेली ती नोकरी.

पोरींसाठी एक वेगळंच. काही गोष्टी टेबलावर विचारता येत नाहीत, पाळणाघर आहे का असं विचारलं की समोरचा लगेच मनात सहा महिन्यांची मॅटर्निटी लीव्ह मोजतो, कायद्याने २६ आठवडे असते, त्याला ती पाठ असते. म्हणून मी म्हणते, शॉप फ्लोअर दाखवाल का विचारा. नाही म्हणणं अवघड असतं, आणि नाही म्हणाले तर तेच उत्तर. फ्लोअरवर गेलात की लेडीज टॉयलेट कुठे आहे ते बघा, आत जाऊन या, कडी लागते का, पाणी आहे का, का आत जुने कार्टन भरून ठेवलेत. मी एका ठिकाणी बघितलंय, आत फुटलेल्या खुर्च्या होत्या आणि पंचवीस वर्षांत इथे बाई नव्हती कामाला हे मला कोणी सांगायची गरजच उरली नाही. आणि तुम्ही गेलात त्या फ्लोअरवरच्या सगळ्यात जुन्या ताईंना, असतील तर, फक्त एवढं विचारा, किती वर्षं झाली. बाकीचं त्या स्वतःच सांगतात.

पुण्याहून परत येणाऱ्यांचं जरा बरं असतं. आईवडील इथे, ट्रॅफिकचा कंटाळा, म्हणून येतात, आणि ते धडाधड विचारतात, शनिवार सुट्टी का, कॅब आहे का. आमचे प्लांट हेड म्हणतात पुण्याची हवा लागली. मला वाटतं लागू दे की.

तर मंगळवारची आठवी उमेदवार. सिन्नरकडच्या एका गावाची, डिप्लोमा करून मग डिग्री केलेली, बोट ऑइलने काळं, कुठेतरी आधीच काम करत असणार. उत्तरं ठीकठाक, फिशबोन अर्धा चुकला. मग मी विचारलं काही विचारायचंय का, तर म्हणाली हो मॅडम, तीन आहेत. वहीत लिहून आणले होते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस आहे का, नसेल तर तुमची गाडी कुठपर्यंत सोडते, कारण पाथर्डी फाट्यापासून पुढे रात्री काही मिळत नाही. प्लांट हेडने सांगितलं, गाडी आहे. दुसरा, ह्या जागेवर आधी कोण होतं.

मी काय म्हणाले असेन? "त्यांना बेटर अपॉर्च्युनिटी मिळाली." तोंडातून आलंच ते, शेजारी प्लांट हेड बसलेले. एका वर्षात दोघं गेलेत तिथून. तिने वहीत काहीतरी लिहिलं, मला वाचता आलं नाही.

तिसरा, "मॅडम, मी रात्री माल होल्डला टाकला तर तो कोण सोडू शकतं?"

मी म्हटलं, कोणीच नाही, आमच्याकडे सिस्टीममध्ये लॉक होतो, सोडायला माझा पासवर्ड लागतो. प्लांट हेडनी अभिमानाने मान हलवली. खोटं नव्हतं ते. फक्त तो पासवर्ड रात्रीच्या शिफ्ट इन्चार्जला माहिती आहे, दोन वर्षं झाली, मीच सांगितलाय त्याला, रात्री दोनला फोन उचलायचा कंटाळा म्हणून.

फ्लोअर दाखवायला मीच घेऊन गेले तिला. होल्डच्या पिंजऱ्यापाशी उभी राहून ती टॅग वाचत होती एकेक. मला वाटत होतं सांगावं, आधीची दोघं का गेली ते, आणि पासवर्डचं. कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. आधीच्या पोरीचं सांगितलं. म्हटलं वाटलं तर तिच्याशी बोल, मी तिला विचारून नंबर देते. पासवर्डचं नाही सांगितलं.

गुरुवारी तिला ऑफर गेली. अजून हो आलेलं नाही, नाहीही आलेलं नाही. नानांना फोनवर सांगितलं सगळं, ते म्हणाले, पोरगी कोणाची गं, बागवाल्याची आहे का?

शनिवारी संध्याकाळी निघताना मी पासवर्ड बदलला. पहिला फोन रात्री पावणेदोनला आला.